वाटेवर मोडलेले चाक

मोटारसायकलीवर तंबू, स्टोव्ह आणि अंथरूण बांधून शेकडो कोसांच्या प्रवासास निघणाऱ्या तरुणांची संख्या अलीकडे शहरांतून बरीच वाढली आहे. त्यांच्या सामानात एक लहानशी पिशवी हटकून असते. दोन-चार पाने, पक्कड, पंक्चरचे साहित्य, क्लचची जादा तार, एखादा स्पार्क प्लग आणि गुंडाळलेली बारीक तार एवढाच तिचा ऐवज. परंतु प्रवास संपल्यावर मित्रमंडळीत ज्या गोष्टी रंगतात त्यांपैकी निम्म्या या पिशवीतून निघालेल्या असतात. पाहिलेल्या हिमशिखरांचे वर्णन दोन वाक्यांत आटोपते. माळरानावर साखळी तुटली आणि संध्याकाळ झाली, ही हकीकत मात्र अर्धा तास चालते. यात नवल काही नाही. वाट सरळ संपली तर सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

या तरुणांना हा साहसाचा प्रकार नवा वाटतो. वाहनावर संसार बांधून निघावे, रात्र पडेल तेथे मुक्काम करावा आणि वाहन मोडले तर उघड्यावर दुरुस्त करून पुढे जावे, हा क्रम अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर हे ज्याचे नाव झाले त्या जिल्ह्यातील) पाथर्डी तालुक्याने मात्र पिढ्यान् पिढ्या पाळला. तो हौसेने पाळला नाही, एवढाच फरक. तंबूच्या जागी उसाच्या पाचटाची कोपी, स्टोव्हच्या जागी तीन धोंड्यांची चूल, आणि इंजिनाच्या जागी बैलांची जोडी होती. ऊस तोडावयास साखर कारखान्यांकडे निघालेल्या बैलगाड्यांचा हा प्रवास इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. तो घडवून आणणारी माणसे लिहिणारी नव्हती, आणि लिहिणारी माणसे त्या वाटेने रात्री चालत नव्हती.

पाथर्डीस आगगाडी नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला तो नगर शहरावरून उत्तरेस गेला. अलीकडे नगरहून आष्टी-बीडकडे नेलेला मार्गही पाथर्डी टाळूनच निघून गेला आहे. त्यामुळे या गावाचे सर्व दळणवळण पहिल्यापासून सडकेवर अवलंबून. आज कल्याणहून माळशेज घाटाने नगर, आणि तेथून पाथर्डीवरून परभणी, नांदेड व पुढे निर्मलपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग त्या जुन्या वाटेचाच विस्तार आहे. नगर आणि पाथर्डी यांच्यामध्ये करंजीचा घाट आडवा येतो. आसपासच्या डोंगरांना नाथपंथीय परंपरा गर्भगिरी म्हणते. कानिफनाथांची मढी आणि वृद्धेश्वर ही स्थाने याच डोंगरांत आहेत. पूर्वेस आणि दक्षिणेस बीड जिल्हा. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत ती निजामाची हद्द होती. म्हणजे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला परके राज्य, अशा पट्ट्यात हा तालुका वसला.

पाऊस येथे जेमतेम वीस-बावीस इंच पडतो, आणि तोही आपल्या मर्जीने. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या तीन दुष्काळांनी नगर जिल्ह्याची जी दशा केली ती सर्वश्रुत आहे. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत गोदावरी आणि प्रवरा या नद्यांचे कालवे झाले, भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, आणि त्याच जिल्ह्याचा उत्तर भाग उसाने हिरवा झाला. बेलापूर-हरेगाव, कोपरगाव या भागांत खासगी साखर कारखाने उभे राहिले. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि नंतरच्या वीस वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात अशा कारखान्यांची रांगच लागली. एकाच जिल्ह्यात पाणी एकीकडे आणि रिकामे हात दुसरीकडे, अशी विभागणी झाल्यावर त्या हातांनी पाण्याकडे जावे हे ओघानेच आले. १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ लोंढ्यासारखा वाढविला.

जावयाचे कसे? तर गाडीने. गाडी ही येथे दुहेरी कामाची: ती माणसांना कारखान्यापर्यंत नेई आणि तेथे पोहोचल्यावर उसाची वाहतूक करून मजुरी मिळवून देई. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, या गाडीच्या आणि बैलांच्या भरवशावरच मिळालेली असावयाची. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणण्याचा या व्यवसायात प्रघात आहे. माणसाचे नाव त्याच्या हत्याराने मोजले जावे ही भाषेची एक निष्ठुर काटकसर होय. अशा कोयत्यांची टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघे. गाडीच्या साटीत ज्वारीचे पोते, भांडी, गोधड्या, एखादी कोंबडी आणि लहान मूल; साटीखाली टांगलेला कंदील आणि वंगणाचा नळा; मागे बांधलेला कडबा. बैल दिवसाकाठी सात-आठ कोस चालत. श्रीरामपूर-लोणीचा टापू चार-पाच मुक्कामांवर होता. सांगली-कोल्हापूरकडे जाणाऱ्यांस मात्र पंधरवडा सहज लागे.

निघण्यापूर्वी गावच्या सुताराकडे गाडी नेण्याचा प्रघात होता. बाभळीच्या लाकडाचे चाक हा एक विलक्षण नाजूक आणि तितकाच चिवट पदार्थ आहे. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेले वाटोळे पुठ्ठे, आणि या सर्वांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. खिळा जवळजवळ नाही. सगळा डोलारा ताणावर उभा. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवितात. ती शेणाच्या गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगीत लाल करावयाची, तापून फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवावयाची, आणि लाकूड पेट घेते न घेते तोच पाणी ओतावयाचे. लोखंड आकसते, सांधे करकरत घट्ट होतात. हे काम करणारा माणूस पदार्थविज्ञान शिकलेला नसे. पण दोरीने चाकाचा घेर मोजून धाव किती बोटे आखूड हवी, हे तो अचूक सांगे.

पावसाळ्यात फुगलेले हे लाकूड कार्तिकातल्या कोरड्या वाऱ्यात आकसू लागे, आणि नेमका तोच प्रवासाचा काळ. चार दिवस खडीच्या सडकेवर चालल्यावर धाव सैल होई. आधी चाकाचा आवाज बदले. जुना गाडीवान अर्धवट झोपेतही तो ओळखी. वेळीच थांबला तर पुठ्ठा आणि धाव यांच्यामध्ये बाभळीच्या पाचरी ठोकून, किंवा चिंध्या कोंबून त्यांवर पाणी ओतून दोन मुक्काम निभत. ओढा लागला तर बैल सोडून गाडी रात्रभर पाण्यात उभी करावयाची, म्हणजे सकाळी चाक पुन्हा ताठ. गंमत अशी की, १८४० नंतर अमेरिकेच्या पूर्व भागातून पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांनी आपल्या गाड्यांची चाके प्लॅट नदीत याच कारणासाठी भिजत घातली होती आणि धावेखाली याच तऱ्हेने पाचरी मारल्या होत्या. त्यांस पाथर्डी ठाऊक नव्हती आणि पाथर्डीस ते ठाऊक नव्हते. कोरडी हवा आणि लाकूड दोन्हीकडे सारखेच वागले.

न थांबला तर धाव निसटून सडकेवर घरंगळत जाई, पुठ्ठे उकलत, आरे मोडत, आणि गाडी एका अंगावर बसे. घाटात हे घडले तर अनर्थच. गाडीस ब्रेक नसतो. चढताना चार पावलांवर थांबून चाकामागे धोंडा लावावयाचा. हे काम बहुधा दहा-बारा वर्षांच्या पोराचे, आणि त्यात हात सापडण्याचे भय नित्याचे. उतरताना एक चाक साखळीने जखडून फरफटत न्यावयाचे किंवा मागे ओंडका बांधावयाचा. आस मोडला तर त्याहून कठीण. लाकडी आसाच्या काळी जवळची बाभूळ तोडून तासता येई; लोखंडी आस आला आणि तो अधिक टिकाऊ ठरला खरा, पण मोडला म्हणजे भट्टीवाचून इलाज उरला नाही. टिकाऊपणा वाढतो तसतशी दुरुस्ती प्रवाशाच्या हातून निसटत जाते, याचा हा एक जुना दाखला म्हणता येईल.

येथे एक गोष्ट ध्यानी घेणे जरूर आहे, कारण तीवाचून या प्रवासाचे खरे स्वरूप कळणार नाही. गावातला सुतार आणि लोहार हे बलुतेदार. वर्षाच्या ठराविक धान्यावर त्यांनी गावकऱ्यांची अवजारे आणि गाड्या दुरुस्त करावयाच्या, अशी ती शतकानुशतकांची बांधिलकी. ही व्यवस्था गावापुरती पुष्कळशी सोयीची होती. तिचे गुणदोष विद्वानांनी भरपूर चर्चिले आहेत. परंतु ती गावाच्या शिवेवर संपत असे, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पाथर्डीच्या गाडीचे चाक राहुरीच्या हद्दीत मोडले तर राहुरीकडच्या सुतारावर तिचा कोणता हक्क? त्याचे बलुते त्याच्या गावाने दिलेले. त्याने रोख पैसे मागितले तर ते वावगे नव्हते, पण ऊसतोडीला निघालेल्या माणसाजवळ रोख पैसा बेताचाच. उचल कर्ज फेडण्यात आणि घरी मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या धान्यात आधीच गेलेली. शिवेबाहेर पडलेला शेतकरी हा एका अर्थी व्यवस्थेबाहेर पडलेला माणूस होता.

ही पोकळी भरून काढली ती ज्यांना स्वतःची शीवच नव्हती अशा लोकांनी. घिसाडी हे त्यांतले प्रमुख. बोली गुजराती-मराठीच्या मिश्रणाची, घर गाडीवर, दुकानही गाडीवर. सडकेच्या कडेला झाडाखाली खड्डा खणून भट्टी पेटवावयाची, भाता जोडावयाचा, ऐरण रोवावयाची की कारखाना सुरू. पुरुष तापलेले लोखंड चिमट्याने धरून बसतो आणि घणाचे घाव त्याची बायको घालते, हे दृश्य महाराष्ट्रात अजूनही क्वचित दिसते. घिसाडणीच्या हातचा घण पाहून शहरातील माणूस आश्चर्य करतो. तिच्या कडेवरचे पोर तोपर्यंत गाडीखाली झोळीत निजलेले असते. सैल धाव कापून पुन्हा सांधणे, आसाची खीळ घडविणे, कोयत्यास पाणी देणे ही कामे तो वाटेवरच करून देई. मोबदला ज्वारी, थोडे पैसे, किंवा पुढच्या मुक्कामावर देण्याचे वचन. हे वचन पाळले जाई, कारण दोघेही त्याच सडकेवर पुन्हा भेटणार होते.

गावगाड्याने मात्र या मंडळींना दिवसा काम दिले आणि रात्री संशय घेतला. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा जो कायदा केला, त्याखाली पुढे अनेक भटक्या जमातींची नावे घातली गेली, त्यांना पोलीस ठाण्यावर हजेरी द्यावी लागली, आणि तो कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडले. ज्यांच्यावाचून प्रवास चालत नाही त्यांनीच प्रवास करू नये, असा हा न्याय.

लोखंडाइतकेच महत्त्वाचे दुसरे दुरुस्तीचे काम बैलांच्या पायांचे. शेतातील मातीत बैलास नाल लागत नाही. खडीच्या सडकेवर मात्र आठवड्यात खूर झिजून रक्त येते. म्हणून प्रत्येक खुराच्या दोन्ही फाळक्यांना लोखंडी पत्र्या मारावयाच्या. नालबंद दोरखंडाने बैलाचे पाय गुंतवून त्यास हलकेच आडवा पाडतो, चारी पाय एकत्र बांधतो, आणि तोंडात चुका धरून एकेक ठोकीत जातो. चूक रेसभर जरी आत गेली तरी बैल लंगडला. लंगडा बैल म्हणजे अर्धे वाहन नव्हे; जोडीतला एक अडला की सगळीच गाडी अडली. मोटारसायकलचे इंजिन बिघडले तर ती टेम्पोत घालून घरी आणता येते, आणि खर्चापलीकडे फारसे बिघडत नाही. बैल वाटेत मेला तर घरची जमीन कसणाराही मेला, आणि मुकादमाची उचल अंगावर राहिली ती वेगळीच. टोळी अशा गाडीवानाला टाकून जात नसे. दोन दिवस मुक्काम लांबवून, कोणाची तरी जादा जोडी लावून, किंवा सामान इतर गाड्यांत वाटून त्यास सोबत नेत. हा केवळ चांगुलपणा होता असे मानण्याचे कारण नाही. उचल टोळीची असे, म्हणून एकाचा बोजा सर्वांवर येई. आणि तरीही ज्याने रात्री जागून दुसऱ्याच्या बैलाचा खूर शेकला त्याचा चांगुलपणा त्यामुळे कमी होत नाही.

लांबच्या वाटेवर बैल आणि चाक यांचे महत्त्व या भागाने राजकारणाच्या मोठ्या उलाढालीतही पाहिले होते. १८०३ च्या ऑगस्टात आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि तो गोदावरीकडे सरकला. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून गाजलेल्या या सेनापतीचे त्या काळचे पत्रव्यवहार पाहिले तर त्यांत शत्रूइतकीच चिंता बैलांची आढळते: तोफा ओढणारे बैल, धान्य वाहणारे वंजाऱ्यांचे तांडे, त्यांचा चारा. असईची लढाई सर्वांस माहीत आहे. तिच्यापर्यंत फौज पोहोचविणाऱ्या खुरांचा पराक्रम कोणी गात नाही.

लाकडी चाकाची सद्दी रबराने संपविली. बेलफास्ट शहरी १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेली धाव तयार करणारा जॉन बॉइड डनलॉप हा धंद्याने पशुवैद्य होता. जनावरांवर उपचार करणाऱ्याच्या हातून जनावराचे ओझे हलके करणारी वस्तू निघाली, हा योगायोग मोठा सुंदर आहे. हुगळीकाठी सहागंज येथे डनलॉपचा टायरचा कारखाना १९३६ साली निघाला. पुढे बैलगाडीलाही असे टायर लागले आणि साखर कारखान्यांच्या आवारात टायरगाडी दिसू लागली. लाकडी चाकाची गाडी टनभर ऊस नेई. टायरगाडी दोन टनांच्या वर नेऊ लागली. बैलांचे श्रम त्या मानाने कमी व्हावयास हवे होते. झाले असे, की चाक हलके झाले म्हणून ओझे वाढविण्यात आले, आणि बैल होता तेथेच राहिला.

आणि रबराबरोबर पंक्चर आले. पाथर्डीकडची भूमी बाभळीची, बोरीची. पुढे वेड्या बाभळीने माळच्या माळ व्यापले. पूर्वी काटा पायात मोडे, आता तो ट्यूबमध्ये मोडू लागला. घमेल्यातील पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे पाहावयाचे, भोकाभोवतीचे रबर कानशीने खरवडावयाचे, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबावयाचे आणि मग ठिगळ चिकटवावयाचे. या सर्व कृतीत थांबण्याचे कलम कठीण. घाईने ओल्यावरच चिकटविलेले ठिगळ दुसऱ्या कोसाला सुटते. सायकल, मोटारसायकल आणि बैलगाडी या तिन्ही वाहनांची दुरुस्ती इतिहासात प्रथमच एका घमेल्यात आली. घिसाड्याची भट्टी मागे पडली आणि तिच्या जागी हवेचा पंप आला.

हवेच्या चाकांवर जगभर हिंडण्याचे धाडस याच सुमारास मुंबईने केले होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवर मुंबईहून निघाले. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, सिनाई, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम आणि ब्रह्मदेश असे सुमारे ७१,००० किलोमीटर तोडून १८ मार्च १९२८ रोजी त्यांतील तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा, परतले. बगदाद ते अलेप्पो हे वाळवंट ओलांडण्यास त्यांना तेवीस दिवस लागले. मोटारसायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला प्रवासी, कार्ल क्लॅन्सी नावाचा अमेरिकन, १९१२-१३ साली लंकेपर्यंत येऊन गेला होता. या मंडळींची पुस्तके झाली, सत्कार झाले, आणि ते योग्यच झाले. तथापि त्यांच्या मार्गावर जी वाहने त्यांना रोज ओलांडून जात असतील, उंटांचे काफिले, खेचरांच्या रांगा, बैलगाड्या, त्यांवरही तितकेच कसबी दुरुस्तीकार बसलेले होते.

स्वातंत्र्यानंतर सडकेवर मोटारसायकल सामान्य झाली. मद्रासजवळ १९५५ पासून बुलेट जोडली जाऊ लागली. म्हैसूरला जावा निघाली. राजदूत तर दुधाच्या किटल्या लटकवून खेडोपाडी पोहोचली. या जुन्या यंत्रांचा एक गुण आजच्या प्रवाशांस हेवा वाटावा असा होता: त्यांचे पोट उघडे होते. प्लग काळा पडला तर काढून घासावा, तार तुटली तर सायकलची तार बांधून वेळ न्यावी, कार्बुरेटरात कचरा अडला तर फुंकून काढावा. खेड्यातील हुशार पोराला हे दोन महिन्यांत येई. आजच्या गाडीतील विजेचे नियंत्रण एकदा रुसले की रस्त्याकडेला बसून हात चोळण्यापलीकडे गत्यंतर नसते. लाकडी आसाच्या जागी लोखंडी आस आला तेव्हा जे घडले होते त्याचीच ही पुढची पायरी. पाथर्डीपासून पन्नासेक किलोमीटरवर, नगर येथे, लष्करी वाहनांची परीक्षा घेणारी संशोधन संस्था आणि चिलखती दलाचे केंद्र आहे. चाकाविषयीचे अद्ययावत ज्ञान आणि पाचर ठोकून चाललेले चाक ही दोन्ही इतक्या जवळ अनेक वर्षे नांदली, आणि त्यांची ओळख झाली नाही.

हमरस्त्यांवरील दुरुस्तीची परंपरा मात्र अखंड आहे, आणि तिचे सूत्रही तेच. महाराष्ट्रातील मोठ्या रस्त्यांवर टायर-पंक्चरचे दुकान पाहिले तर ते चालविणारा पुष्कळदा केरळातून आलेला निघतो. कोठे उत्तर प्रदेश-बिहारचा. जुन्या टायरांची चळत, एक कॉम्प्रेसर, एक खाट, रात्री जळणारा दिवा. गावात त्याचे घर नाही, शीव नाही, बलुते नाही. रात्री दोन वाजता दार ठोठावले तरी तो उठतो. गाव झोपलेले असते तेव्हा परक्याने परक्याच्या वाहनाचे चाक नीट करावे, ही घिसाड्याची रीत अशी रूप पालटून राहिली आहे.

ऊसतोडीचा प्रवास आता बहुतांशी ट्रक आणि ट्रॅक्टरने होतो. एका ट्रॉलीत दहा-बारा संसार, वर गोधड्या, भांडी आणि माणसे. पंधरवड्याची वाट एका रात्रीत सरते, हा लाभ लहान नव्हे. वाटेत मूल जन्मास येण्याचे प्रसंग कमी झाले. बैलांची पायपीट वाचली. परंतु जुनी गाडी ताशी दीड-दोन मैलांनी चाले, आणि ती मोडली तर बसे; भरधाव ट्रॉली मोडली तर उलटते. अंधारात, मागे दिवा नसलेल्या वाहनावर दुसरे वाहन आदळून माणसे दगावल्याच्या बातम्या हंगामात येत राहतात. दुरुस्तीस अवसर मिळणे हेही एक प्रकारचे संरक्षण होते, ते वेगाने काढून घेतले.

हंगाम फाल्गुनात उतरणीस लागतो. परतणाऱ्या गाड्या पूर्वी ज्या सुमारास करंजीच्या घाटाशी येत, त्या सुमारास मढीच्या डोंगरावर कानिफनाथांची यात्रा भरलेली असे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या या यात्रेस भटक्यांची पंढरी म्हणतात. गोपाळ, वैदू, कैकाडी अशा अनेक जमाती येथे वर्षातून एकदा एकत्र येत, त्यांच्या पंचायती बसत, सोयरिकी जुळत. रंगपंचमीच्या सुमारास भरणारा गाढवांचा बाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना खेचून आणतो. वर्षभर सडकेवर विखुरलेली आणि ऊस तोडून घरी निघालेली, अशी दोन्ही प्रकारची प्रवासी माणसे या एका डोंगराच्या पायथ्याशी गाठ पडत. वाटेवर दिलेली वचने येथे फिटत. कोणी घिसाड्याचे राहिलेले चार पायलीचे देणे पुरे करी, कोणी नवा कोयता विकत घेई.

मग गाडी घरी. पाडव्यानंतर चाके काढून ओढ्याच्या डोहात टाकावयाची, म्हणजे उन्हाळ्यात लाकूड फाटत नाही, हा शिरस्ता होता. ज्या वर्षी ओढा आटलेला असे त्या वर्षी ती अंगणात आडवी ठेवून त्यांवर ओली पोती टाकीत. विहिरीनेही तळ गाठला असेल तर पोती कोरडीच राहत. कारण हंडाभर पाणी आधी बैलाला पाजावयाचे की चाकाला, हे घरात कोणी विचारावे लागत नसे.